लॅपटॉपची दृष्ट

एवान्थियाने ‘पॉलिख्रोनिस’ हे नाव पुन्हा एकदा टाइप केलं आणि पडद्यावर पुन्हा एकदा काहीच उमटलं नाही.

नाव तिच्या बाळाचं होतं. म्हणजे व्हायचं होतं. बाप्तिस्मा होईपर्यंत त्या ग्रीक बेटावरचं मूल नुसतं ‘बाळ’ असतं, आणि पहिल्या नातवाला वडिलांच्या वडिलांचं नाव मिळतं. एवान्थियाच्या वडिलांनी, म्हाताऱ्या कोस्मासने, आपलं नाव लागावं म्हणून बराच आटापिटा केला होता. पण सासू मारुसोपुढे कुणाची डाळ शिजली नाही. आता आमंत्रणपत्रिकेचा मजकूर दुपारच्या आत ईमेलने छापखान्यात पोचायला हवा होता. नंतर ईस्टरसाठी छापखाना बंद. घरातला एकमेव मोबाइल नवऱ्याने, स्तामातिसने, मासेमारीच्या नादात समुद्रार्पण केला होता. आणि छापखानेवाला साध्या फोनवर नावं घेत नसे. मागे एकदा त्याने नवऱ्या मुलाच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं होतं.

“जोरात दाब ना,” मागे उभी मारुसो म्हणाली.

“दाबतेय, आई. घेतच नाही.”

“नेमकं माझ्याच नवऱ्याचं नाव घेत नाही!”

स्तामातिस बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने लॅपटॉप उलटा धरून झटकला. मूठभर तीळ पडले. मग केस वाळवायचं यंत्र आणून गरम हवा मारली. फ्यूज उडाला. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्यामुळे त्याला काही झालं नाही. फ्रिज तेवढा बंद पडला.

“दृष्ट लागलीय,” मारुसोने निकाल दिला. “काल शेजारीण किती कौतुक करत होती! एकदा तरी थू-थू केलं का मेलीने?”

फोनवरून दृष्ट काढण्यात एवान्थियाच्या थिओपिस्तीआत्याचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं. पण दृष्ट जितकी मोठी, तितक्या काढणारीला जांभया; आणि एका ट्रॅक्टरची दृष्ट काढताना तिला इतक्या जांभया आल्या होत्या, की तेव्हापासून तिने यंत्रांचं काम सोडलं होतं. मारुसोला हे माहीत होतं. तिने फोन लावला.

“थिओपिस्ती, आमच्या घरात एकाला दृष्ट लागलीय गं. सकाळपासून हूं नाही की चूं नाही.”

“कोण? लहान आहे?”

“लहानच म्हणायचं.”

“नाव काय घेऊ?”

मारुसो अडकली. नावाशिवाय प्रार्थना लागू पडत नाही. आणि आपल्या स्वर्गवासी नवऱ्याचं नाव बिघडलेल्या यंत्राला द्यायचं तिच्या जिवावर आलं. तिने दुसऱ्याचं दिलं.

“कोस्मास.”

“कोस्मास म्हणालीस?”

“हो, हो. आटप लवकर.”

एक जांभई ऐकू आली, मग दुसरी, लांबलचक. “मोठी होती. उतरली,” म्हणून थिओपिस्तीने, कधी नव्हे ते, एकही चौकशी न करता फोन ठेवला.

इकडे कंटाळलेल्या एवान्थियाचं बोट एका बटणावर तसंच राहिलं होतं. अक्षर उमटलं!

“अहो, दाबून धरलं की घेतंय!”

स्तामातिसने सेटिंग उघडलं. बटण बराच वेळ दाबलं तरच अक्षर घ्यायचं, अशी सोय कुणीतरी चालू केली होती.

“हे कुणी केलं?”

“मी फक्त पुसला,” मारुसो म्हणाली. “एका बटणावर डाग होता, तो घासत बसले. त्याने टुंग करून काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. दारात आलेल्याला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही.”

स्तामातिसने ती सोय बंद केली. अक्षरं धावू लागली. मारुसोने छातीवर क्रुसाची खूण केली. “बघितलीस थिओपिस्तीची करामत? लिही आता नाव.”

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या गावातून म्हातारा कोस्मास बोलत होता. बोलत कसला, रडत होता.

“थिओपिस्तीने सगळं सांगितलं, पोरी! बाळाची दृष्ट उतरली ना? विहीणबाईंनी स्वतःच्या तोंडाने माझं नाव ठेवलं! आणि मी गावभर त्यांना नाही नाही ते बोललो. दे, त्यांना फोन दे.”

एवान्थियाने फोन दिला. त्यातून अख्ख्या कॉफीच्या दुकानाचा ‘शंभर वर्षं जगो!’ असा गजर ऐकू येत होता. मारुसोने तो कानाला लावला. खरं सांगावं, तर थिओपिस्तीला यंत्रासाठी फसवल्याचं उघड होणार. मग उद्या बाळाची दृष्ट कोण काढणार? आणि म्हातारा तर हुंदके देत होता. तिलाही भरून आलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“नाही हो, उपकार कसले,” ती म्हणाली. “या, सगळे या.”

फोन ठेवून, भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे न बघता ती सुनेच्या मागे येऊन उभी राहिली.

“कोस्मास लिही.”

एवान्थियाने लिहिलं. अक्षरं सटासट उमटली.

“बघ,” मारुसो म्हणाली, “आता कसं चालतंय मेलं!”