बाबांच्या वस्तऱ्याचा टवका

बाबांच्या वस्तऱ्याच्या धारेचा तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला पाहून स्टोअरकीपरच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा गेल्यावर हा वस्तरा त्याने दादाशी भांडून मिळवला होता. "तुझ्याकडे वस्तू टिकत नाहीत," असं चार नातेवाइकांदेखत ऐकवून त्याने वस्तऱ्याची डबी घरी आणली आणि न उघडताच कपाटात कुलूपबंद केली. त्याला आता दोन वर्षं झाली होती. येत्या रविवारी दादा वस्तरा बघायला येतोय म्हटल्यावर आज ती पहिल्यांदा उघडली.

कारखान्याच्या भांडारातला साधा पाना हरवला, तरी तो तीन प्रतींत लेखी खुलासा मागायचा. घरच्यांना काय सोडणार?

"हा टवका कोणी पाडला?"

"मला काय माहीत? किल्ली तुमच्या खिशात असते," बायको म्हणाली.

"म्हणजे मी पाडला?"

"मी कुठे तसं म्हणतेय? किल्ली म्हणतेय."

दोन दिवस चौकशी चालली. जेवताना प्रश्न, कपडे वाळत घालताना उपप्रश्न. तिसऱ्या दिवशी बायकोने हात टेकले.

"मीच पाडला. झालं समाधान? आता तो पंखा पुसून द्या."

हे ऐकून आतून आई आली. "तिला बोलू नकोस रे. माझ्याच हातून झालं असेल. मला कुठे हल्ली काही आठवतंय."

एका टवक्याला दोन गुन्हेगार मिळाल्यामुळे कोणावर किती चिडायचं, हेच त्याला कळेना. तणतणत तो धारवाल्याकडे गेला.

धारवाल्याने पातं उजेडात धरलं. "टवका काढायचा तर सगळी धार तेवढी मागे न्यावी लागेल. पातं अरुंद होईल, साहेब. माझं ऐकाल तर राहू द्या. याने दाढी थोडीच करायचीय तुम्हाला?"

"प्रश्न दाढीचा नाही, अब्रूचा आहे."

"पण जुनी वस्तू आहे. असू देत की जुन्यासारखी."

स्टोअरकीपर तासभर तिथल्या स्टुलावर बसून राहिला. जुनी वस्तू जुन्यासारखी असावी, हे त्यालाही पटत होतं. पण तो टवका दाखवत दादा काय काय बोलेल, हे त्याहून जास्त स्पष्ट ऐकू येत होतं.

"घासा," तो म्हणाला.

रविवारी दादा आला. त्याने वस्तरा उलगडला, खिडकीपाशी नेला, पुन्हा पुन्हा पाहिला.

"हा बाबांचा नाही."

"नाही कसा? मूठ बघ ना."

"मूठ राहू दे. टवका कुठाय?"

"टवका? तुला कसा माहीत?" स्टोअरकीपरने विचारलं.

"मी पाडला होता तो," दादा म्हणाला. "आठ वर्षांचा असताना. पेन्सिलला टोक करत होतो, आणि बाबा समोर येऊन उभे. आता चामडी लोळवणार म्हणून डोळे मिटले, तर माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि गेले. पुढे ना तो कधी वापरला, ना कधी विषय काढला. ती एक खूण होती, म्हणून मागत होतो. नाहीतर धार काय चाटायचीय मला?"

"मग तेव्हाच सांगायचंस."

"तू बोलू दिलंस?"

बायको आणि आई दारातून बघत होत्या. कोणावर ढकलावं, असं आता कोणी उरलं नव्हतं.

"मीच घासून घेतला," तो म्हणाला.

दादाने त्याच्याकडे पाहिलं. चहा संपवला. वस्तरा मिटून डबीत ठेवला, डबी स्वतःच्या पिशवीत टाकली, आईच्या पाया पडला आणि निघून गेला.

स्टोअरकीपर बराच वेळ येरझाऱ्या घालत होता.

"एक शब्द बोलला नाही," अखेर तो बायकोवर उखडला. "ही काय पद्धत झाली? ओरडला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते."

"म्हणूनच नाही ओरडले," बायको म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली.