‘चिपाड’वर धानवडीचा अभिप्राय

लोक काय म्हणतील याची काळजी करणारा माणूस सुंदररावांना अडाणी वाटे. लोक म्हणत नसतात, त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं असतं, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं शास्त्र होतं. धानवडी गावात त्यांच्या एका शब्दावर सत्कार झाले होते, निषेध झाले होते. एकदा तर एकाच पाहुण्याचा सकाळी निषेध आणि संध्याकाळी सत्कार झाला, आणि दोन्ही वेळी मंडप तोच राहिला. तेव्हा आपल्या मुलाच्या गाण्यांबद्दल गावाकडून चार चांगले शब्द काढायचे, हे काम त्यांनी चहा निवायच्या आत होणारं समजलं.

मुलाचं नाव सोमेश्वर. पुण्याला इंजिनिअर व्हायला गेला आणि गिटार घेऊन परत आला. तो जे वाजवी त्याला प्रायोगिक रॉक म्हणतात. ही काय भानगड आहे, असं परमेश्वरनं, म्हणजे सुंदररावांच्या उजव्या हातानं, विचारलं तेव्हा सुंदररावांनी त्याला समजावलं, की शेतकी खात्याचा प्रयोगाचा प्लॉट असतो ना, त्यातलाच प्रकार. पीक येवो न येवो, पाटी लावायची. परमेश्वरला ते तात्काळ पटलं. त्याच्या रानात तसली पाटी होती, आणि पाटीशिवाय काही उगवलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास सोमेश्वरचा नवा अल्बम निघाला. नाव ‘चिपाड’. उसाचा रस काढून घेतल्यावर जे उरतं ते. हल्ली अल्बम निघतो म्हणजे फोनवर येतो, हातात काही लागत नाही. त्याच्या आईनं, गीताबाईंनी, तरीही देवापुढं फोन ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं आणि पुढं आठवडाभर घरात कुणाचा फोन आला ते कळलं नाही.

शहरातल्या ऐकणाऱ्यांनी अभिप्राय मात्र भराभर लिहिले. एकाला या आवाजांचा पोत खरखरीत आणि प्रामाणिक वाटला. एकीनं लिहिलं, हा अल्बम ऐकायचा नसतो, त्यात राहायला जायचं असतं. आणखी एकानं लिहिलं, की स्पीकर बिघडला असं वाटून मी तो दुकानात नेला, दुकानदार म्हणाला स्पीकर ठणठणीत आहे, गाणंच तसं आहे. माझ्याकडून पाचपैकी पाच तारे.

हे वाचता वाचता सोमेश्वर दिवसेंदिवस गप्प होत गेला. कारण लिहिणारी सगळी मंडळी एकमेकांची मित्र होती, सगळेच काही ना काही वाजवत होते, आणि आज यानं त्याला तारे दिले की उद्या त्यानं याला द्यायचे अशी पद्धत होती. सुंदररावांना हे कळलं तेव्हा त्यांना प्रथमच मुलाच्या संगतीबद्दल आदर वाटला.

सोमेश्वर दिवाळीआधीच गावी आला. भाकरी मोडता मोडता आईला म्हणाला, “यातले सगळे आवाज मी इथून नेलेत. आता यात काही आहे का नाही, माझं मलाच समजंना. आपल्या लोकांना ऐकवतो. ते म्हणाले यात काही नाही, तर गिटार ठेवून देतो आन् अण्णांचा पंप बघतो.”

आपल्या पेट्रोल पंपावर विश्वासू माणूस मिळणार, या विचारानं बाहेरच्या खोलीत सुंदररावांचा चेहरा क्षणभर उजळला. तेवढ्यात गीताबाई बाहेर आल्या.

“रडक्या तोंडाचं पोरगं पंपावर बसलेलं मला बघायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “लोकं काय म्हनत्याल त्ये तुमी बघा.”

सुंदररावांनी पक्षश्रेष्ठींचे आदेश कधीमधी डावलले होते. हा आदेश त्या जातीचा नव्हता.

परमेश्वर कामाला लागला. मारुतीच्या पारावर गाव बसवायचं, ‘चिपाड’ ऐकवायचं आणि मग माणसं उभी राहून बोलतील, असं ठरलं. काय बोलतील तेही ठरलं. वरच्या आळीनं मातीचा वास आला म्हणायचं, खालच्या आळीनं डोळ्यात पाणी आलं म्हणायचं, आणि बचत गटाच्या बायांनी धानवडीचं नाव काढलं म्हणायचं. पंडित म्हातारा दर सभेत रस्ता कधी होणार एवढंच विचारतो. त्याला ते गाणं संपल्यावर विचारायची मुभा दिली. तालीम घेतली तेव्हा खालच्या आळीच्या एका गड्याच्या डोळ्यात एकही गाणं न ऐकता खरंच पाणी आलं, आणि परमेश्वरला त्याला आवरताना नाकी नऊ आले.

अडचण एकच होती. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस होते. निम्मं गाव गाठोडी बांधण्यात गुंतलेलं. पारावर यायला कुणाला सवड? पण ऐकलं नाही ही सबब सुंदररावांनी आयुष्यात चालू दिली नव्हती. त्यांनी निवडणुकीचे कर्णे माळ्यावरून काढायला लावले आणि परमेश्वरनं ते वस्तीवस्तीवर, लिंबांवर, पाण्याच्या टाकीवर, थेट माळापर्यंत बांधून टाकले. गावात आता ‘चिपाड’ ऐकू येणार नाही अशी जागा उरली नाही. घात झाला तो इथं.

संध्याकाळी, ऊन कलताना, कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या गाण्यात बैलगाडीचं कुरकुरणारं चाक होतं, उसावर पडणारा कोयता होता, आणि त्याच्यामागं गिटार, पत्र्यावर कुणी विळा ओढावा तशी. म्हातारी माणसं माना तिरक्या करून ऐकू लागली. बैल दिसत नव्हते आणि गाडी तर चालली होती. सोमेश्वर डोळे मिटून बसला होता. तेवढ्यात परमेश्वरनं हात वर केला आणि चाक अर्ध्या वाटेत असतानाच टाळ्या पडल्या. वरच्या आळीला मातीचा वास आला. लगोलग तिथल्याच आणखी तिघांना आला, शब्दाला शब्द तोच.

सोमेश्वरनं डोळे उघडले. त्यानं परमेश्वरकडं पाहिलं, मग वडिलांकडं पाहिलं. वडील लिंबाच्या झाडाकडं पाहत होते. पोराचा चेहरा असा उतरला, की पंपाचं काम आता पक्कं झालं हे सुंदररावांना कळलं, आणि का कोण जाणे, त्यांना आनंद झाला नाही. दुसऱ्या गाण्यात खालच्या आळीच्या डोळ्यात पाणी आलं, तेव्हा सोमेश्वर ते सगळं बंद करायला उठला. पण तोवर दुसरं गाणं संपून तिसरं लागलं होतं.

तिसऱ्याची सुरुवात भोंग्यानं होती.

धानवडीशेजारी एक साखर कारखाना आहे. कडा गावचा तो मोठा नव्हे, हा आपला धाकटा. सुंदरराव त्याचे माजी उपाध्यक्ष. तो बंद पडून बरीच वर्षं झाली. चालू होता तेव्हा गाव त्याच्या भोंग्यावर चाले. डाळ शिजली का हेसुद्धा बाया भोंग्यावरून ठरवीत. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी लांबलचक भोंगा झाला, की घरटी एकानं नारळ आणि उसाचं टिपरं घेऊन फाटकावर जायचं, गव्हाणीत पहिली मोळी पडलेली बघायची आणि मूठभर साखर घेऊन यायचं, असा रिवाज होता. सोमेश्वरनं शाळेत असताना आईच्या फोनवर तो पहिल्या दिवसाचा भोंगा रेकॉर्ड करून ठेवला होता. तोच आता वाजला. कर्ण्याकर्ण्यांतून, माळावरून, टाकीवरून, एकदम चहूकडून. तो पारावरून येतोय असं पारावर बसलेल्यांनासुद्धा वाटेना.

आधी बाया उठल्या. मग सगळा पार उठला. खालची आळी डोळ्यातलं पाणी तसंच ठेवून पळाली. ज्यानं स्वतःच्या हातानं कर्णे बांधले तो परमेश्वरही हातातला माईक खाली ठेवून धोतराचा सोगा धरून निघाला. वस्त्यांवरून माणसं येताना दिसू लागली, आणि त्यांच्या हातात नारळ होते.

सुंदररावांना हा आपल्याच पोराचा अल्बम आहे हे कळायला हवं होतं. ते पहिल्या रांगेत बसले होते. पण त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की विजयसिंह बापूनं आपल्याला पत्रिका न देता कारखाना सुरू केला. विजयसिंह म्हणजे माजी अध्यक्ष, आणि मोळी टाकताना फोटोत मध्ये कोण उभा राहणार यावरून दोघांचं बिनसलं त्याला कारखान्याइतकंच वय झालं होतं. सुंदरराव जीपमध्ये बसले आणि चालकाला म्हणाले, नारळ वाटेत घेऊ.

फाटकावर ही गर्दी. तिकडून विजयसिंह बापूंची गाडी धुरळा उडवत आलीच. सुंदररावांनी कारखाना परस्पर सुरू केला असं त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. दोघं समोरासमोर उभे राहिले, दोघांच्या हातात एकेक नारळ. बापूंनी विचारलं, ही लोकशाही आहे का. सुंदरराव म्हणाले, तेच मी विचारतो. बापू म्हणाले, श्रेय लाटायचं तर निदान मुहूर्त तरी कळवायचा. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन करायला ठामपणे नकार दिला.

एवढ्यात फाटक उघडलं. आत आदिनाथ, कारखान्याचा उरलेला एकमेव नोकर, पहारेकरी. अंगात इस्त्री केलेला जुना गणवेश, डोक्यावर टोपी. बटणं लावायला वेळ लागला म्हणून त्यानं आधी माफी मागितली.

“भोंगा कुनी वाजिवला, आदिनाथ?” सुंदररावांनी विचारलं.

“मला वाटलं तुमीच आतनं वाजिवला.”

“आतनं कसा वाजल? बॉयलर कुठाय?”

हे बोलून गेल्यावर सुंदरराव स्वतःच थांबले. भोंगा बॉयलरच्या वाफेवर वाजतो. बॉयलरचे तुकडे करून दोन सालांमागं ट्रकमधून नेले. चोरून नव्हे, भरदिवसा. गावानं रस्त्याच्या कडेला उभं राहून ते पाहिलं होतं, पोरांनी हात हलवले होते. इथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. आणि तरी प्रत्येकजण पळत आला होता. कुणी कुणाकडं पाहिना. पंडित म्हाताऱ्यानं नारळ हळूच धोतरात लपवला.

सुंदरराव सावरले. अशा वेळी काय म्हणायचं हे त्यांना पाठ होतं. घसा साफ करून ते चाचणी, शासन दरबारी पाठपुरावा, सकारात्मक असे शब्द जुळवू लागले, आणि लोकही सवयीनं ते ऐकून घ्यायला तयार झाले. पण मागून सोमेश्वर आला होता. धापा टाकत तो पुढं झाला.

“भोंगा माझ्या गाण्यातला होता. कारखाना चालू झालेला नाही. चुकलं माझं.”

टाळी कुणी वाजवली नाही. परमेश्वरचा हात वर जायला लागला होता, तो त्यानं कान खाजवून खाली आणला.

मग गर्दीतून सत्यभामा पुढं आली. नवऱ्याबरोबर दर साल कर्नाटकात ऊस तोडायला जाणारी बाई. त्यांच्या टोळीचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी निघणार होता. तिच्याही हातात नारळ होता.

“सोमा, तुजं गानं चांगलं का वंगाळ त्ये मला कळत न्हाई,” ती म्हणाली. “पर मी बांधलेलं गाठुडं सोडलं बघ. औंदा जायचं न्हाई म्हनून भांडी परत फळीवर लावली. आता त्ये पुन्यांदा कोन बांधनार?”

सोमेश्वरला पुण्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही लिहिलं होतं. असं कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, “मी बांधतो, मावशी.”

गर्दी पांगली. नारळ आणलेच होते म्हणून बऱ्याच जणांनी ते फाटकावर फोडले. खोबरं वाटलं गेलं. दोन्ही माजी पदाधिकाऱ्यांनी एकमेकांना खोबरं दिलं, फोटोविना.

सत्यभामाच्या घरी सोमेश्वरनं फळीवरची भांडी उतरवली. वाकळ पसरली, त्यात तवा ठेवला, डबे, कोयते ठेवले, चार टोकं आवळली. उचललं तसं गाठोडं सुटलं आणि तांब्या गडगडत दारापर्यंत गेला. त्यानं पुन्हा बांधलं. या खेपेला तवा निसटून त्याच्या पायावर पडला. दारात शेजारच्या बाया जमल्या. सत्यभामानं त्याला बाजूला सारलं आणि गुडघा रोवून एका झटक्यात गाठ मारली.

“तुज्याच्यानं ह्ये व्हायचं न्हाई,” ती म्हणाली. “तू आपलं गानंच कर. पर त्यो भोंगा आमाला इचारल्याबिगर वाजवू नगंस.”

सोमेश्वर लंगडत घरी आला तो हसत आला. आईनं हळद आणि तेल गरम करून पायाला लावलं, आणि त्यानं तिला सांगून टाकलं, की गिटार ठेवून देत नाही, भोंगा तेवढा गाण्यातून काढतो. त्या जागी तेवढा वेळ काहीच वाजणार नाही. शहरातल्यांना ते फार आवडेल, याची त्याला आत्ताच भीती वाटत होती.

सुंदररावांनी सत्यभामाचे शब्द त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. असा अभिप्राय त्यांच्या आयुष्यात कधी आला नव्हता. तिनं नावाजलं म्हणावं तर पोराला निकामी ठरवलं होतं. झिडकारलं म्हणावं तर गाणं कर म्हणाली होती. पान खाता खाता त्यांनी तो इकडून ठेवून पाहिला, तिकडून ठेवून पाहिला. शेवटी न राहवून त्यांनी गीताबाईंना विचारलं, की हे आपल्या बाजूचं धरायचं का विरोधातलं.

“खरं हाय त्ये,” गीताबाई तेलाची वाटी उचलत म्हणाल्या. “म्हनून तुमाला कुठं ठिवावं त्ये समजंना.”