कुंतीचा वास

तापातून उठल्यापासून उत्तराबाईंना कसलाच वास येईना. दूध करपलं तरी त्यांना कळत नसे. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या शामसुंदररावांनी डॉक्टर केले, वाफारे केले आणि शेवटी नर्सरीतून कुंतीचं झुडूप आणून गॅलरीत ठेवलं. पुन्हा पुन्हा बहरणारं, घमघमणारं.

पांढऱ्या फुलांनी झुडूप भरलं, फुलपाखरं येऊ लागली. शामसुंदरराव रोज सकाळी बायकोशेजारी खुर्ची ओढून विचारायचे, “येतोय का गं?”

त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून एक दिवस त्या म्हणाल्या, “येतोय की. किती गोड आहे.”

शामसुंदररावांनी ही बातमी दुपारपर्यंत बिल्डिंगभर केली. संध्याकाळी शेजारची भाग्यश्री तुपाचा डबा घेऊन हजर. “काकू, उद्या नणंदेचं डोहाळजेवण आहे, लाडू करायचेत. मला सर्दी झालीये. हे तूप जरा बघता का, चांगलं आहे ना?”

शामसुंदरराव कौतुकाने बघत होते. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. उत्तराबाईंनी डब्यात नाक घातलं, डोळे मिटले. “छान आहे. घरचं दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री पुन्हा दारात. “काकू, नणंदेनं घास घेतला आणि ताटच सरकवलं. तूप खवट होतं.”

उत्तराबाई तोंड उघडणार तोच शामसुंदरराव पुढे झाले. “अगं, मीच मागून तिला खुणावलं, चांगलं आहे म्हणून. माझंच चुकलं.” त्यांनी ना खुणावलं होतं, ना डब्याला हात लावला होता.

दार लागलं. शामसुंदररावांनी विचारलं, “कुंतीचा?”

“नाही येत.”

“एकदाही?”

“नाही.”

सकाळी ते गॅलरीच्या दारातच घुटमळले. उत्तराबाईंनी स्वतः खुर्ची ओढली. “बसा. आता तुम्ही सांगा, कसा आहे वास.”

त्यांनी फुलांत नाक खुपसलं. “मोगऱ्यासारखा. नाही, तसा नाही. संत्रं सोलल्यासारखा... तसाही नाही.”

“मग एखाद्या माणसासारखा सांगा.”

शामसुंदरराव विचारात पडले. “तू रुसलीस की दिवसभर बोलत नाहीस. मग न मागता चहा आणून ठेवतेस. तसा.”

उत्तराबाई एक शब्द न बोलता उठून आत गेल्या. आपण नको ते बोलून गेलो, असं शामसुंदररावांना वाटलं. फुलांवरचं फुलपाखरू बघत ते तसेच बसून राहिले.

थोड्या वेळाने चहाचा कप त्यांच्यापुढे आला.