मर्व्हिनने स्टूल घरी नेलं

या मंडळी, जरा पुढे सरका. मागे बसलात तर हसू उशिरा पोचेल. मरे नदीकाठच्या आमच्या गावातल्या मर्व्हिन टकवेलची गोष्ट सांगतो. देवाला कधीकधी कसल्या वाटेने यावं लागतं, ते कळेल.

मर्व्हिन चित्रकार. तीस वर्षं एकच विषय: नदीच्या वळणावरचं निलगिरीचं म्हातारं झाड. त्याचं स्टूल त्या झाडाखाली कायमचं रोवल्यासारखं. शेवटी बायको, क्लॅरिस, शनिवारी सकाळी म्हणाली, "मर्व्ह, भिंती संपल्या. संडासातही तेच झाड लटकतंय. महिनाभर दुसरं काहीतरी काढ बाबा!"

"काय काढू?"

"परसातली पाण्याची टाकी काढ. तीही कुठे हलत नाही."

मर्व्हिनलाही मनातून कंटाळा आला होताच. तो गेला आणि स्टूल खांद्यावर टाकून घरी निघाला. इथेच घोटाळा झाला.

तीस वर्षांत तो दोनच वेळा झाडाखाली दिसला नव्हता. एकदा दाढ सुजली म्हणून, एकदा मेहुणीच्या लग्नाला गेला म्हणून. दोन्ही खेपेला दुसऱ्याच दिवशी नदी गावात शिरली. तेव्हापासून लोक हवामानाच्या बातम्या ऐकत, पण मेंढ्या हलवायच्या की नाही, ते मर्व्हिनकडे बघून ठरवत. आणि आज तर स्टूलच चाललं होतं!

मेंढपाळ नेव्हिल बॅगटने गाडी करकचून थांबवली. "मर्व्ह, किती पाणी येणार?"

"पाणी कसलं? मी टाकी रंगवायला चाललोय."

"टाकी! म्हणजे नळही जाणार!"

"अरे, कंटाळा आला मला त्या झाडाचा!"

"कंटाळा? लेका, मागच्या वेळी दाढ म्हणाला होतास!"

संध्याकाळपर्यंत नऊशे मेंढ्या टेकडीवर. दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च सुटल्यावर उन्हाळाभर सगळं गाव त्याच झाडाखाली जेवायला बसे. पाद्रीबाबांनी या खेपेला पंगतही टेकडीवर नेली. पूरबीर काही नाही, असं सांगत मर्व्हिन हात जोडून दारोदार फिरला. जो तो म्हणे, "बिचारा, आम्ही घाबरू नये म्हणून सांगतोय."

दुपारचे दोन वाजले. आभाळ धुतल्यासारखं कोरडं, नदी ढोपरभर. टेकडीवर सावलीचा पत्ता नाही. एका मेंढीने पाद्रीबाबांचा केक हुंगून संपवला. हळूहळू सगळ्या माना मर्व्हिनकडे वळल्या.

"काय रे मर्व्ह," नेव्हिल घाम पुसत म्हणाला, "पूर किती वाजता ठरलाय?"

आता या गावात तोंड दाखवणं संपलं, हे मर्व्हिनला कळून चुकलं. त्याने मनातल्या मनात देवाला हाक मारली, "मला काहीही होऊ दे, पण यांचं हसं माझ्यापायी नको."

आणि खाली कडाड्कन आवाज झाला. वारा नाही, ढग नाही. त्या निलगिरीची मोटारीएवढी जाड फांदी तुटून खाली आली.

सगळे धावत उतरले. दर रविवारी जिथे लांब टेबल मांडत, बरोब्बर तिथे ती आडवी पडली होती. आया आपापल्या पोरांची डोकी मोजू लागल्या. एकही कमी नव्हतं. पाद्रीबाबांनी टोपी काढली. कोणीतरी हुंदका दिला आणि मग सगळे एकदमच हसायला लागले, सुटल्यासारखे.

नेव्हिलने मर्व्हिनला मिठी मारली. "फांदी म्हणायचंस ना सरळ! पूर पूर काय करत बसलास?"

"मी पूर म्हटलंच कुठे? क्लॅरिस म्हणाली, भिंती संपल्या..."

"विनय बघा याचा!" सगळ्यांनी त्याला उचललंच.

सोमवारी मर्व्हिन टाकीसमोर बसला. तासाभराने चहा प्यायला उठला, तर कुंपणापलीकडे अख्खी आळी बादल्या भरून घ्यायला लागली. क्लॅरिसने स्टूल उचलून त्याच्या हातात दिलं. "जा बाबा, झाडाखालीच बस. फक्त उरलेल्या फांद्यांपासून लांब."

गाव आजही मर्व्हिनचं नाव घेतं. पण मंडळी, तुम्ही घरी जाऊन ताटावर बसाल आणि घरचं माणूस कटकट करायला लागेल, तेव्हा त्या क्लॅरिसची आठवण ठेवा.