दोन किसमिसांचा लाडू

रव्याच्या लाडवात अंगठी दडवायला नीळकंठरावांना अडीच मिनिटं लागली. ती परत मिळवण्यात मात्र त्यांची अख्खी भाऊबीज गेली.

नीळकंठराव उमरखेडच्या एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टेबलावरून साधी टाचणी कधी गायब झाली नव्हती. पण दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या सहा वर्षांच्या स्पृहाच्या, म्हणजे त्यांच्या नातीच्या, कानामागून त्यांनी एकदा एक नाणं काढलं आणि फसले. तिनं गल्लीभर सांगून टाकलं की आमचे आबा जादूगार आहेत, भाऊबीजेला संध्याकाळी आमच्या गच्चीवर प्रयोग आहेत, सगळ्यांनी या.

त्यावर शेजारची सात वर्षांची आरजू म्हणाली, "हट्! जादूगार असते तर डोक्यावर केस नसते आणले?"

स्पृहा रडत घरी आली. "आबा, तुम्ही खोटे जादूगार नाही ना?"

"नाही बेटा," नीळकंठराव म्हणाले, आणि बोलून बसले.

मग दोन दिवस मोबाइलवर जादू शिकून त्यांनी एक प्रयोग पक्का केला. त्यांच्या बायकोला, सुचित्राबाईंना, आईनं लग्नात लाल खड्याची सोन्याची अंगठी दिली होती. ती कपाटात असायची. रोज वापरायला त्यांनी हुबेहूब तशीच खोटी करून घेतली होती. बोटातली खोटी सर्वांसमक्ष मागायची, रुमालाआड बाहीत सरकवायची आणि कपाटातली खरी लाडवातून काढून दाखवायची! स्पृहाला त्यांनी अंगठी गायब होऊन लाडवातून निघणार, एवढंच सांगून ठेवलं. बायकोला विचारण्यात अर्थ नव्हता. आईची अंगठी तिनं एकवेळ शेजाऱ्याला दिली असती, नवऱ्याला नाही.

भाऊबीजेच्या सकाळी सुचित्राबाई अंगणात रांगोळी काढत असताना नीळकंठरावांनी एका ताज्या लाडवात अंगठी दाबली, लाडू पुन्हा गोल वळला आणि खूण म्हणून वर दुसरा किसमिस टोचला. बाकी प्रत्येकावर एकच होता. मग ते गाणं म्हणत आंघोळीला गेले.

परत येऊन डबा उघडला, तर प्रत्येक लाडवावर दोन-दोन किसमिस!

"अगं, हे काय केलं?"

"एका लाडवाले दोन किसमिस लागले होते," सुचित्राबाई म्हणाल्या. "बाकीच्याईले एक. लोक म्हनतीन, हे माणसं पाहून वाढतेत. मंग सगळ्याईलेच दोन लावले."

"पण डबा तर अर्धा रिकामा दिसून राह्यला!"

"पूनमसिंगभाऊकडं सहा देले, हलीमाभाभीकडं सहा. फराळाची ताटं पोचती केली. तुमच्यावानी एक-एक तास आंघोळ नाही करत मी."

बायको आत वळताच नीळकंठरावांनी स्वेटरची सुई आणली आणि डब्यातला एकेक लाडू आरपार टोचून पाहिला. सुई कुठेच अडली नाही. म्हणजे अंगठी बाहेर गेली होती. आता आली का पंचाईत! दिलेला फराळ परत मागावा, तर सात पिढ्यांत कुणी असं केलं नव्हतं. खरं सांगावं, तर ते या गल्लीत पाच मिनिटांत सुचित्राबाईंपर्यंत पोचलं असतं.

ते आधी पूनमसिंगांकडे गेले. पूनमसिंग एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मोकळ्या मनाचा माणूस.

"पूनमसिंग, ते लाडू जरा आना बरं. यंदा विलायची बारीक झाली नाही वाटते. पाहू द्या."

ताट आलं. नीळकंठरावांनी पहिला लाडू फोडला, चिवडला, आणि चिवडलेला परत कसा ठेवायचा म्हणून खाल्ला. दुसराही तसाच. तिसरा फोडताना पूनमसिंगांची बायको बिजलीबाई आतून येऊन दारात उभी राहिली. सहावा संपला तेव्हा नवरा-बायको एकमेकांकडे बघत होते. अंगठी नव्हती. विलायची मात्र खरंच जाडी होती.

"दादा," पूनमसिंग हळूच म्हणाले, "वहिनी घरी गोड खाऊ देत नाही का?"

तेव्हा नीळकंठरावांना आठवलं की आपल्याला शुगर आहे. नाही म्हणावं तर लाडू का फोडले हे सांगावं लागणार. त्यांनी मान खाली घातली. "एक बी नाही देत," ते म्हणाले.

पूनमसिंगांना गलबलून आलं. पण बिजलीबाई व्यवहारी होती. नीळकंठराव फाटकाबाहेर पडले तसा तिनं हलीमाभाभींना फोन लावला.

हलीमाभाभी म्हणजे आरजूची आजी, गाड्या दुरुस्त करणाऱ्या वाहिदमिस्त्रींची बायको. नीळकंठराव पोचले तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढ्यात शेवेची बशी ठेवली.

"भाभी, ते लाडू..."

"लाडू नाही भेटनार, भाऊ."

"फक्त पाहतो!"

"बिजलीबाईकडं बी पाहासाठीच गेलते ना? सहाच्या सहा पाहून टाकले म्हने. शुगर वाढली तं जिम्मेदार कोन? मी कपाटात कुलूप लावून ठेवले. दोन माह्या पोराच्या, अय्याजच्या, डब्यात देले, गॅरेजवर गेला तो."

"भाभी, एकडाव हात लावू द्या. तुमची शपथ, खात नाही."

"अल्ला!" भाभींना त्यांची फारच दया आली. "इतकी आदत बरी नाही, भाऊ. शेव खा."

नीळकंठरावांनी शेव खाल्ली. घरी येऊन ते पलंगावर आडवे झाले. सासूबाईंची अंगठी कुलुपात नाहीतर गॅरेजवर, पोटात सहा लाडू, आणि संध्याकाळी नातीसमोर खोटं ठरायचं. स्पृहानं गच्चीवर सतरंजी अंथरली होती आणि आबांसाठी पुठ्ठ्याची चांदणी लावलेली टोपी केली होती. ती टोपी पाहून त्यांना खरोखर वाईट वाटलं.

सहा वाजता गच्ची पोरांनी भरली. पहिल्या रांगेत आरजू हाताची घडी घालून बसली होती. रिकाम्या पेल्यातून फुलं निघाली, दोरीची गाठ सुटली. आरजूची घडी सुटली नाही. अंगठीचा प्रयोग गाळून नीळकंठराव हात जोडणार, तेवढ्यात स्पृहा ओरडली, "आता आबा आजीची अंगठी गायब करणार आणि लाडवातून काढणार!"

सुचित्राबाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहत अंगठी काढून दिली. बिजलीबाईचा फोन त्यांनाही आला होता. रुमाल पडला, उठला, अंगठी गेली. पोरं 'हाऽऽ' करून ओरडली. स्पृहानं धावत लाडवांचा डबा आणला. त्यात अंगठी नाही हे त्या गच्चीवर फक्त जादूगाराला ठाऊक होतं.

"काढा ना, आबा!"

"निंगत नाही वाटते," आरजू शांतपणे म्हणाली.

नीळकंठरावांनी टोपी काढली. सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. "बेटा स्पृहा..."

"थांबा, भाऊ!" जिन्यातून धापा टाकत हलीमाभाभी आल्या. हातात सुचित्राबाईंचंच ताट, वर रुमाल. "ताट रिकामं कसं वापस करनार? खोबऱ्याची बर्फी आनली." आणि ताट हातात देताना त्या कानाशी पुटपुटल्या, "अय्याजचा दात वाचला, भाऊ. माह्या पोरीच्या, मेहनाजच्या, लग्नात वहिनीच्या बोटात पायलती मी हे अंगठी. मधल्या बर्फीत हाये. लाडूच पाहिजे का बर्फी चालते?"

नीळकंठरावांना भाभींच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी टोपी परत घातली. "लाडवातून तं कोनीबी काढते!" ते गरजले. "आपन भाभीच्या बर्फीतून काढू!"

मधली बर्फी फुटली आणि लाल खडा चमकला. गच्चीवर असा काही गलका झाला की खालची कुत्री भुंकायला लागली. आरजू उठून उभी राहिली होती. "दादी, ही बर्फी तं तू केलती!" एवढंच ती बोलू शकली. स्पृहानं आबांच्या कमरेला मिठी मारली.

सुचित्राबाईंनी अंगठी तळहातावर तोलली. मग पोरांना खाली पिटाळलं.

"ही माह्या आईची हाये," त्या म्हणाल्या. "लाडवाचं सारं उद्या पाहू. माह्या बोटातली कुठं हाये?"

"ही काय, बाहीत," म्हणत नीळकंठरावांनी बाही झटकली. काही पडलं नाही. दुसरी झटकली. मग सदरा काढला. गच्ची झाडून झाली, सतरंजी झटकून झाली, स्वेटरची सुई घेऊन उरलेल्या सगळ्या लाडवांतून स्वतः सुचित्राबाई फिरल्या. खोटी अंगठी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी नीळकंठरावांची शुगर तपासली, तर आकडा पाहून सुचित्राबाईंनी अंगठीचा विषय काही काळ सोडला.

चौथ्या दिवशी स्पृहा पुण्याला निघाली. एसटीच्या खिडकीतून तिनं आबांना जवळ बोलावलं.

"आबा, मला एकटीला सांगा. आजीच्या बोटातली अंगठी कुठे गेली?"

नीळकंठरावांनी इकडेतिकडे पाहिलं. नातीशी आता एक अक्षरही खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"बेटा, खरं सांगतो. मलेच मालूम नाही."

स्पृहा त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत इतका आदर त्यांनी त्या दिवशी गच्चीवरही पाहिला नव्हता.

"आरजू म्हणालीच होती," ती हळूच म्हणाली. "खरे जादूगार कधीच सांगत नाहीत."