रोमात इचारा

पोपचं पदक छातीवर लावून भातलावणी करणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहतो, कारण तो माझ्या दारासमोर राहतो. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं आणि बंडीवर ते सोनेरी पदक, पिवळ्या-पांढऱ्या फितीचं. चिखल उडाला की ओल्या फडक्यानं जागच्या जागी पुसतो. काढत मात्र नाही. झोपतानाही नाही, असं त्याची लेक सांगते.

धोंडिबा कोकरे. वेल्ह्याच्या डोंगरातला धनगर. म्हातारपणी लेकीकडे उत्रोलीत राहायला आला आणि माझ्या नशिबी शेजारी म्हणून पडला.

आता मी जळतो असं माझी बायको म्हणते. जळतोच! का नको जळू? सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवला मी. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी चार वेळा प्रस्ताव पाठवला. फोटो, दाखले, वृक्षारोपणाची कात्रणं, सगळं जोडून. चारही वेळा फाईल जशीच्या तशी परत. आणि ह्या अंगठेबहाद्दराला थेट रोमहून पदक!

कशाबद्दल, तर चालण्याबद्दल. वेल्ह्याच्या खोऱ्यात ख्रिस्ती सिस्टरांचा दवाखाना होता. वरच्या वस्त्यांना रस्ते नव्हते. कुणी बाई अडली की सिस्टर बेनिता औषधांची पेटी मांडीवर घेऊन धोंडिबाच्या घोड्यावर बसायच्या आणि हा लगाम धरून पुढं चालायचा. असा तीस वर्षं चालला. दवाखाना सोडताना सिस्टरनी त्याचं नाव बिशपसाहेबांकडे दिलं, त्यांनी ते रोमला धाडलं आणि पदक आलं.

"नुसतं चालण्याचं पदक!" मी बायकोला म्हणालो.

"मग तुम्हीही चालायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही तर शाळेतसुद्धा खुर्चीवरनं उठत नव्हता."

बरं, पदकावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी ह्यानं घोडी आणली. पांढरी, म्हातारी, पाठीत वाकलेली. तिच्यावर ओझं घालत नाही, फारसा बसतही नाही. नुसती माझ्या दारासमोर बांधून ठेवतो आणि ती माझी तगर खाते.

"घोडी कशाला हो घेतलीत या वयात?"

"रोमला जायाला. पदकवाल्याला तितल्या मोठ्या देवळात घोड्यावरनं आत जाता येतं. सिस्टरनी सांगितलंय."

"काहीतरीच!"

"खोटं वाटतं? रोमात इचारा."

हे त्याचं ठरलेलं उत्तर. ग्रामसेवकानं वयाचा दाखला मागितला तरी "रोमात इचारा". दसऱ्याला कोयता-कुऱ्हाडीची पूजा करतो, तेव्हा आपणही त्यांच्या शेजारी पाटापुढं छाती काढून बसतो आणि लेकीकडून पदकाला हळदकुंकू लावून घेतो. मी हसलो, तर म्हणाला, "हत्यारच हाय त्ये बी."

पण कडेलोट झाला पंधरा ऑगस्टला. झेंडावंदनाला पाहुणा म्हणून दरवर्षी मी असतो. यंदा सरपंच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आहातच की. पण यंदा पदकवाल्याला मान देऊ." आला हा घोडीवरनं! पोरांनी टाळ्या कुटल्या. मला समजूत म्हणून दिलेला गुच्छ मी मागं धरून उभा होतो, तो घोडीनं देठासकट खाल्ला.

त्या दिवशी मी मोबाईल घेऊन बसलो. सगळं खणून काढलं. पोपकडची मानचिन्हं एक नाही, अनेक. वरच्या पायरीवर सरदारक्या, त्यांना तलवार, झगा, आणि ती घोड्याची दंतकथाही सरदारांचीच. धोंडिबाचं पदक म्हणजे सेवेबद्दलचं साधं पदक. घोड्याचा संबंधच नाही! भोरला जाऊन कागद छापून आणला, खिशात घातला. ग्रामसभेत सर्वांसमोर वाचणार होतो. पण राहवेना, आधी त्यालाच वाचून दाखवला.

तो ऐकता ऐकता पदक पुसत राहिला. मग म्हणाला, "रोमात इचारायला लई लांब पडंल तुमाला. शुक्रवारी पुन्याला चला. सिस्टरलाच इचारा."

म्हटलं, चला. सिस्टरच्या तोंडूनच वदवून घेऊ.

भोरहून एसटीत बसलो. वाटेतलं शिवरे मागं पडलं तरी मी मनातल्या मनात प्रश्नच जुळवत होतो. पुण्यात म्हाताऱ्या सिस्टरांचं एक घर आहे. अंगणात पेरूचं झाड, त्याखाली खुर्चीत सिस्टर बेनिता. अगदी चिमणीएवढ्या झालेल्या. धोंडिबानं हात जोडले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघंही सारखेच अनोळखी.

धोंडिबानं पदक काढलं. माझ्यादेखत पहिल्यांदा. त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चाचपलं, उलटंसुलटं केलं आणि एकदम चेहरा फुलला.

"धोंडिबा! अरे, तुझं पदक आलं! बघ, मी सांगितलं नव्हतं?"

"आलं जी."

त्यांनी थरथरत्या हातांनी ते त्याच्या सदऱ्यावर लावलं. पिन टोचली असणार, तो हलला नाही. "आता काढायचं नाही हां," त्यांनी दटावलं.

"न्हाई काढत."

"घोडा कुठंय आपला?"

"हाय की. उत्रोलीला बांधलाय."

त्या समाधानानं मागं टेकल्या आणि डोळे मिटून घेतले. धोंडिबा माझ्या कानाशी आला. "म्हयन्याला एकदा येतो. दर बारीला पदक नवंच आसतंय. आदी घोडा इचारला की म्या खरं सांगायचो, मेला म्हणून. लई रडायची. पुढल्या म्हयन्याला पुन्यांदा इचारायची, पुन्यांदा रडायची. खोटं तर तिच्याम्होरं बोलवत न्हाई. मग घेतली घोडी."

खिशातला कागद मला टोचू लागला. आणि खरं सांगू? तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच. ह्याला दर महिन्याला पदक मिळतं! मला सदतीस वर्षांत कुणी एकदा विचारलं नाही, गुरुजी, तुमचं काय झालं.

सिस्टरनी डोळे उघडले. माझ्या रिकाम्या सदऱ्याकडे बघत राहिल्या.

"हे कोण?"

"आमच्या गावचं गुरुजी. सदतीस वर्सं पोरं शिकवली."

"मग यांचं पदक कुठंय?"

खाली मान घालून मी उभा राहिलो. धोंडिबानं माझ्याकडे पाहिलं. मग सिस्टरच्या डोळ्याला डोळा देऊन, न अडखळता म्हणाला,

"निघालंय जी, रोमहून. घोड्यावरनं येतंय, म्हणून उशीर."