उत्स्फूर्त मदतीचं वेळापत्रक

माणूस मुळात चांगलाच असतो, याबद्दल आता कुणाचंही दुमत उरलेलं नाही. अडचण एवढीच की तो नेमका कधी चांगला वागेल हे आधी कळत नाही, आणि त्यामुळे फोटो काढायला कुणी हजर नसतं.

ही उणीव एका प्राथमिक शाळेने दूर केली. तिथे ‘उत्स्फूर्त मदत उपक्रम’ सुरू करण्यात आला. उत्स्फूर्त मदत मंगळवारी आणि शुक्रवारी, मधल्या सुट्टीत करायची होती. (इतर दिवशी अभ्यास असतो.) मदत करणाऱ्याला हिरवा स्टिकर, आणि सर्वांत जास्त स्टिकर मिळवणाऱ्या वर्गाला ढाल. पालकांची एक समितीही नेमली गेली. तिच्या अध्यक्ष वकीलबाई होत्या. त्यांची मुलगी दुसरीत होती आणि पहिल्याच आठवड्यात तिचा गणवेश अर्धा हिरवा झाला होता.

त्याच वर्गातल्या आणखी एका मुलीच्या आईला मात्र उपक्रमाचं पत्रक वाचून काळजी लागली. तशी तिला काळजी करण्यासाठी पत्रकाची गरज लागत नसे. तिने मानसशास्त्रात पदवी घेतली होती, त्यामुळे लेक शिंकली तरी ती का शिंकली असेल यावर तिची अर्धी रात्र जायची. पण या वेळी कारण खरं होतं. लेक घरी सकाळपासून तोंडाचा पट्टा चालवायची आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की गप्प. नळाजवळच्या पायरीवर ती एकटीच डबा खाते, हे आईने फाटकाच्या गजांतून अनेकदा पाहिलं होतं. (गेटवरच्या काकांनी आईला शेवटी स्वतःची खुर्ची देऊ केली होती.) बाकी लेकीने पहिला नंबर काढावा, बक्षिसं आणावी, असलं काही आईला नको होतं. तिच्याशेजारी कुणीतरी येऊन बसावं, एवढंच हवं होतं. आता मदतीच्या धामधुमीत ही पोर आणखीच बाजूला पडणार, अशी धास्ती तिने घेतली.

उपक्रमाला सुरुवातीलाच एक तांत्रिक अडचण आली. मदत करायला अख्खी शाळा तयार होती, पण मदत लागणारं कुणी मिळेना. तेव्हा काही होतकरू विद्यार्थ्यांनी आधी ढकलायचं आणि मग उचलायचं, अशी पद्धत काढली. वकीलबाईंनी तातडीने नियम केला की ढकलणारा आणि उचलणारा एकच असू नये. मग मुलं जोडीजोडीने काम करू लागली. (संघभावना वाढीस लागली, असं अहवालात नमूद आहे.) गुडघ्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे हेही फार काळ चालणारं नव्हतं. अखेर समितीने प्रत्येक वर्गात एक अधिकृत ‘मदतपात्र’ नेमायचं ठरवलं.

दुसरीच्या वर्गबाईंनी आईला बाजूला घेतलं.

“नाही म्हणू नका हं, ताई. तुमची मुलगी शांत आहे, कुणाला उलटून बोलत नाही. या पदाला अगदी शोभेल. आणि अहो, तिच्याभोवती मुलांची रांग लागेल बघा.”

रांग हा शब्द ऐकला आणि आई विरघळली.

घरी जय्यत तयारी सुरू झाली. ज्या आईने सुट्टीभर खपून लेकीला बुटाची लेस बांधायला शिकवली होती, तीच आता लेस कशी सुटेल ते शिकवू लागली. डब्याचं झाकण ती गुडघ्याखाली दाबून बसवायची. पेन्सिलींची टोकं मोडून ठेवायची. दप्तरात उगाच एक जाडजूड शब्दकोश घालायची. नवऱ्याने एकदा विचारलं की आपण हिला शाळेत पाठवतोय की नाटकात. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “आमच्या वेळी पोरं आपली आपण पडायची. आता त्यालाही आई लागते.” आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि उपक्रम डोळे दिपतील इतका यशस्वी झाला. मंगळवारी मधल्या सुट्टीत लेकीच्या पायाशी खरोखरच रांग लागली. एकाने लेस बांधायची, पुढच्याने ती हळूच सोडायची आणि पुन्हा बांधायची. डबा उघडायला एक तुकडी, बंद करायला दुसरी. (खायला वेळ उरत नसे, पण ती बाब उपक्रमाच्या कक्षेबाहेरची होती.) अहवालानुसार शाळेतली मदत चौपट झाली आणि अडचणी होत्या तेवढ्याच राहिल्या. गजांतून तो घोळका पाहताना आईचे डोळे भरून आले. तिने फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी तिने अगदी सहज विचारतेय असं दाखवत विचारलं, “मग, आज कुणाकुणाशी बोललीस?”

“कुणाशीच नाही.”

“अगं, एवढी सगळी होती की तुझ्याजवळ.”

“ती बोलायला नाही येत, आई. मदत करायला येतात.”



मग एका बुधवारी ती घटना घडली. शाळा सुटली होती. फाटकापाशी पालकांची नेहमीची दाटी होती. वकीलबाईंची मुलगी धावत आली आणि फरशीवर सपशेल आडवी झाली. गुडघा चांगलाच फुटला. वकीलबाई अजून कोर्टातून पोचल्या नव्हत्या. मुलीने भोकाड पसरलं.

कुणीही हललं नाही. याचा अर्थ कुणी निष्ठुर होतं असा नव्हे. प्रत्येकजण परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार करत होता. एकतर बुधवार. त्यात मधली सुट्टी नाही. शिवाय ती मुलगी मदतपात्र नसून मदतकर्ती होती, तेव्हा तिला परस्पर हात लावला तर अध्यक्षांना काय वाटेल, हाही प्रश्न होता. वर्गातली मुलं गोल करून उभी राहिली आणि त्यांतल्या एकाने “हिला मदत केलेली चालत नाही” असा निर्णय जाहीर केला. एका बाबांनी फोन बाहेर काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आईने पर्समध्ये हात घातला होता. आत रुमाल होता. तो तिच्या मुठीतही आला होता. पण सगळ्यांच्या आधी आपणच कसं पुढे व्हायचं, लोक म्हणतील काय शहाणी आहे, या विचारात मूठ पर्समध्येच राहिली.

तेवढ्यात तिची लेक गोलातून वाट काढत आत गेली. रडणाऱ्या मुलीशेजारी तिने फरशीवरच बसकण मारली. थोडा वेळ गुडघ्याकडे पाहिलं. मग आपला पाय पुढे करून म्हणाली, “माझी लेस सोडू का? तू बांध. तुला बरं वाटेल.”

शाळेच्या इमारतीत आणि आवारात ती मोठ्याने बोललेली ही पहिली वाक्यं होती.

वकीलबाईंची मुलगी रडायची थांबली. “मला कंटाळा आलाय गं लेस बांधायचा,” ती नाक ओढत म्हणाली, आणि मग दोघींना एकदमच हसू फुटलं. वकीलबाई येईपर्यंत त्या तिथेच बसून वर्गातल्या कोणाच्या नाकात बोट असतं याची चर्चा करत होत्या. लेक सलग बोलत होती. आई श्वास रोखून ऐकत उभी राहिली.

समितीने प्रकरण गंभीरपणे घेतलं. बुधवारची मदत मदत धरता येत नाही, हे स्पष्ट करण्यात आलं. शिवाय ज्या मुलीला मैत्रीण आहे ती मदतपात्र राहू शकत नाही, म्हणून लेकीला पदावरून कमी करण्यात आलं. आईने समितीचं तसं पत्र वाचलं आणि शब्दकोश परत कपाटात ठेवला. रिकाम्या जागेसाठी आता पालकांचे अर्ज येताहेत. आपलं मूल इतरांच्या मुलांपेक्षा कसं अधिक असहाय आहे, हे प्रत्येकाने पुराव्यासह मांडलं आहे आणि चुरस मोठी आहे.

राहता राहिला फाटकापाशी उभ्या असलेल्या त्या मोठ्या माणसांचा प्रश्न. हे वाचताना तुम्हाला वाटलंच असेल की त्यांच्यापैकी कुणीतरी पटकन पुढे व्हायला हवं होतं. त्यांनाही अगदी हेच वाटत होतं.